पोपटीचं मडकं आणि दोन हजारांचा गेन

शैले, तुझं सर्किट मी परवा चालू केलं. रागावू नकोस, काही जळलं नाही.

तेराव्याच्या पंगती उठल्या, पाहुणे नागोठण्याच्या एसटीला पळाले, आणि मी हात पुसत तुझ्या खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. वायरी खोचायचा ब्रेडबोर्ड होता तसाच. लाल वायर संपली तिथे तू निळी जोडलेली, निळी संपली तिथे पिवळी. अलिबागला एका बाकावर बसून शिकत होतो तेव्हापासून सांगतेय तुला, बाई, रंग पाळ. पाळलास का कधी? शेजारी तुझा चष्मा होता. मी तो उचलला, पदराने पुसला आणि परत होता तिथेच ठेवला.

तेवढ्यात महादेवराव आले. तुझा नवरा जन्मभर धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये राबला, आणि तू म्हणे त्यांची झोप मोडू नये म्हणून घरात दबक्या आवाजात बोलायचीस. हे मला कधी पटलं नाही. दबका आवाज आणि तू! ते म्हणाले, सप्लाय आणि तो पडद्यावर लाटा दाखवणारा सीआरओ कॉलेजचे आहेत, उद्या कॉलेजचा माणूस न्यायला येतोय, तेव्हा या वायरी तुम्हीच काय त्या काढा, मी हात लावला तर ती वरून शिव्या घालेल. मी बरं म्हटलं. ते जायला वळले, दारात थांबले आणि म्हणाले, "वहिनी, एक सांगा. पुढची पोपटी शेवटी कोणाकडं? ती तर सांगत होती तुमच्याकडं. खरं का?"

म्हटलं, अजून ठरायचंय. शेंगांचं मडकं कोणी लावायचं ही आपली पैज तशीच लोंबकळत राहिली होती ना! रविवारी मी पेणहून रोह्याला यायचं, तुझ्या टेबलाशी बसायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा असं ठरलेलं. त्याच्या आधीच्या गुरुवारी तू सकाळी चहा ठेवलास आणि गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. एरवी साधा पापड तळायचा तरी चारचौघांना सांगणारी तू, आणि जाताना अवाक्षर नाही. त्या रविवारी सवयीने फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि मग ठेवून दिला. रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले. पण हे काही तसलं लिहायला बसले नाहीये मी. मला तुला उत्तर कळवायचंय.

सुरुवात कुठून झाली ते आठवतं ना? गेल्या वर्षी तुमच्याकडच्या बारावीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला मी बाहेरची परीक्षक होते. मी तुझ्याकडे यायचं, तू माझ्याकडे. ऑर्डर बोर्डाची, पण आपल्या भागात हा विषय शिकवणारे असे किती? फिरून फिरून भोपळे चौकात. येताना मी पेणचे पोह्याचे पापड आणायचे आणि तू जाताना माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबायचीस.

तो पोरगा मोठा गोड होता. एका ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर त्याने नीट जोडला. बारकासा सिग्नल आत, मोठा बाहेर. बाहेरचा आतल्याच्या किती पट, तो गेन. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाला रेझिस्टर होता, त्यावरून त्याने गेन काढला, बरोबर आला. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, हा रेझिस्टर काढला आणि त्याच्या जागी दुसरा ट्रान्झिस्टर बसवला, ठरावीक करंट देणारा, तर गेन किती? पुस्तकात नव्हता हा प्रश्न. त्याला ॲक्टिव्ह लोड म्हणतात हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तो छातीठोक म्हणाला, "अनंत, मॅडम."

मी म्हटलं, बाळा, रायगड जिल्ह्यात अनंत काही नसतं, हायवेचं काम सोडलं तर. तू कोपऱ्यात फस्सकन हसलीस. मग मी त्याला वळणावर आणायला विचारलं, बरं, अनंत नाही, पण खूप मोठा आहे असं धर. आता करंट वाढवला तर गेनचं काय होईल? त्याने तुझ्याकडे बघितलं. आणि तू, आतली परीक्षक, जिने तोंडाला कुलूप लावून बसायचं, तू म्हणालीस, "वाढंल की!"

मी म्हटलं, मॅडम, तुम्हाला नाही विचारलं. तू म्हणालीस, नसंल विचारलं, पण वाढंल. मी म्हटलं, अजिबात नाही. आणि मग आपण दोघी त्या पोराच्या डोक्यावरून जे भांडलो! तो बिचारा टेनिस बघितल्यासारखा इकडून तिकडे मान फिरवत होता. शेवटी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, कारण पुढचं विचारायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं.

माझं म्हणणं साधं होतं आणि अजूनही तेच आहे. गेन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, ट्रान्झिस्टर सिग्नलला किती जोरात साथ देतो ते, म्हणजे जीएम. दुसरी, आउटपुटला सिग्नलपुढे रेझिस्टन्स किती उभा आहे ती. साध्या सर्किटात दुसरी गोष्ट तो बाहेरचा रेझिस्टरच, त्याला करंटशी देणंघेणं नाही, म्हणून करंट वाढवला की गेन वाढतो. तुझा हात त्या सर्किटावर बसलेला, म्हणून तू बोललीस. पण ॲक्टिव्ह लोडमध्ये बाहेरचा रेझिस्टर नसतोच. उरतात दोन ट्रान्झिस्टर, एक वर, एक खाली, आणि त्यांचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स. आणि तो करंट वाढला की त्याच हिशेबात कमी होतो. करंट दहापट केला तर जीएम दहापट, आतला रेझिस्टन्स दहावा हिस्सा. गुणाकार तेवढाच. करंट वर आला, खाली आला, कॅन्सल झाला. आपल्या हातातल्या ट्रान्झिस्टरांना हिशेब लावला तर गेन येतो साधारण दोन हजार. थोडा करंट द्या, जास्त द्या, दोन हजार.

मला हे फार सुंदर वाटतं, शैले. वर्गात फळ्यावर दोन्ही करंटवर काट मारते ना, तेव्हा अजूनही मनातल्या मनात टाळी वाजवते. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "कागदावर कोणाला काय जोडलेलं नसतं गो, म्हणून तिथं सगळं जमतं." मी ते कानाआड केलं. तुझ्या विसातल्या एकोणीस वाक्यांचं मी तेच करायची.

मग तू हट्टाला पेटलीस. सुट्टीत प्राचार्यांना विचारून सीआरओ घरी आणलास आणि हे सर्किट मांडलंस. मांडलंस म्हणजे काय, महिनोन् महिने त्याच्याशी कुस्ती खेळलीस. इतका गेन असलेलं सर्किट सरळ बसतं का कधी? आउटपुट कधी वरच्या सप्लायला जाऊन चिकटायचं, कधी खाली लोळण घ्यायचं. प्रीसेटचा बारका स्क्रू केसाइतका फिरवायचा आणि श्वास धरायचा. ट्रान्झिस्टरवर नुसती फुंकर गेली तरी बिनसायचं, म्हणून ऐन उन्हाळ्यात पंखा बंद! महादेवराव ओसरीवर वर्तमानपत्राने वारा घेत बसायचे, मला फोन करून म्हणायचे, वहिनी, तुम्ही हरल्या असं एकदा म्हणून टाका, मला घरात बसू द्या.

दर रविवारी तुझा फोन. "अगो नले, मी डोळ्यांनी बघतेय ना. करंट वाढवला की गेन वाढतोय. तुझा कागद खोटा नाय, पण माझे डोळे काय फुटलेत?" मी म्हणायची, ट्रान्झिस्टर तापले असतील. तू म्हणायचीस, नाय तापले, बोट लावून बघितलंय. मी म्हणायची, बोट लावलंस म्हणूनच तापले असतील. तू फोन आपटायचीस आणि थोड्या वेळाने पुन्हा करायचीस, कारण बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं किती घालायची ते विचारायचं राहिलेलं असायचं. जसं काही तुला माहीतच नव्हतं. खाडीकाठची पोर तू, धरमतरच्या मिठागरातल्या मिठावर वाढलेली, आणि मासे मला विचारतेस! समेट करायची तुझी ती रीत होती, हे मला कळत होतं बरं का.

पैज लागली ती या जानेवारीत, तुझ्या माहेरच्या शेतात. पोपटीला. भात निघाल्यावर त्याच ओलीवर आलेला वाल, कोवळ्या भरल्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, ओवा, जाडं मीठ. मडक्यात पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. म्हणून तर आपल्या जुन्या बायका बाहेरून मडक्यावर पाण्याचा हात शिंपडतात. पाणी चर्रकन उडालं की झाली पोपटी. आणि दर वर्षी, शैले, दर वर्षी सगळे ओरडत असताना तू काठी घालून मडकं कलतं करायचीस, पाला बाजूला करायचीस आणि एक शेंग काढून चावायचीस. "अजून कच्ची हाय." अगं कच्ची असणारच, आता वाफ गेली ना सगळी! मग पुन्हा पाला कोंबा, पुन्हा जाळ करा. अर्ध्या शेंगा करकरीत, अर्ध्या करपलेल्या. तुझा भाऊ म्हणायचा, शैलाताई बघायला गेली म्हणून बिघडलं. आणि त्या कच्च्या-करपक्या शेंगा आपण सगळे बोटं चाटून खायचो.

तशीच एक कच्ची शेंग चघळत तू पैज लावलीस. तुझ्या टेबलावर, तुझ्या सीआरओवर, माझ्या डोळ्यांदेखत करंट वाढवायचा. गेन वाढला तर पुढची पोपटी नलूची, नाही वाढला तर शैलाची. मी म्हटलं, पेणला माझ्या सोसायटीत पोपटी कुठे लावू, पार्किंगमध्ये? तू म्हणालीस, मग हरू नको.

तर परवा मी बसले. आधी पंखा बंद केला. तुझा चष्मा जरा लांब सरकवला, तो माझ्याकडे बघत होता. थोडा करंट ठेवला, एक मिलिअँपियरचा दहावा भाग. प्रीसेट फिरवून आउटपुट मध्यावर आणलं, पहिल्याच फटक्यात आलं, बघायला तू हवी होतीस. गेन मोजला. तेराशेच्या वर थोडा. मग करंट दहापट केला, पुन्हा सगळं जागेवर आणलं, पुन्हा मोजला. एकोणीसशे.

वाढला, शैले. चांगला घसघशीत वाढला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने म्हटलं, शैला, तू खरी होतीस. स्वयंपाकघरात भांडी आवरणं थांबलं एकदम.

पण मला चैन पडेना. वर्तमानपत्राच्या कडेला पुन्हा हिशेब केला. थोडा करंट, दोन हजार. जास्त करंट, दोन हजार. कागदात खोट नाही. मग थोड्या करंटला इतका गेन जातो कुठे? एक तृतीयांश गायब! सर्किटाकडे बघत बसले. दोन ट्रान्झिस्टर, प्रीसेट, तुझ्या रंगीबेरंगी वायरी, आणि आउटपुटला अडकवलेला सीआरओचा प्रोब. आणि का कोण जाणे, तुझा भाऊ आठवला. शैलाताई बघायला गेली म्हणून बिघडलं.

अगं, प्रोब! बघायला म्हणून आपण जो प्रोब लावतो, तोही सर्किटात येऊन बसतो. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स एक मेगओहम, म्हणजे हजार किलोओहम. आपण जन्मभर दोन-चार किलोओहमवर प्रॅक्टिकलं घेतली, तिथे एका मेगला कोण विचारतो, म्हणून हाताला त्याचा विसरच पडलेला. पण इथे थोड्या करंटला ट्रान्झिस्टरांचाच रेझिस्टन्स मेग-मेगचा. समांतर जोडलेले, म्हणून दोघांचा मिळून अर्धा मेग, त्यात हा तिसरा पाहुणा पंगतीत. हिशेबात घातला, तर गेन येतो तेराशे तेहतीस. करंट दहापट केला की ट्रान्झिस्टरांचा रेझिस्टन्स इतका खाली येतो की त्यांच्यापुढे प्रोबची मात्रा चालत नाही. गेन येतो एकोणीसशे. तुझ्या सीआरओने दाखवलेलाच आकडा!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीटर लावल्याने रीडिंग बदलतं हे दर जूनमध्ये पोरांना शिकवतो आपण दोघी. दर जूनमध्ये! आणि वर्षभर एकमेकींच्या झिंज्या उपटत बसलो.

मग तुझा तो मिसळणाचा डबा उघडला, ज्यात मोहरीच्या वाटीत ट्रान्झिस्टर आणि हळदीच्या वाटीत ऑपअँपच्या चिपा असतात. एक ऑपअँप काढला आणि आउटपुट आणि प्रोब यांच्यामध्ये बफर म्हणून बसवला. आउटपुटकडून काहीही ओढून न घेता जे दिसेल ते जसंच्या तसं पुढे सांगणारा. मडक्यावर पाणी शिंपडल्यासारखंच की ते! थोडा करंट दिला, दोन हजारांच्या आसपास. दहापट दिला, दोन हजारांच्या आसपास. जागचा हलला नाही. करंट कॅन्सल होतो, शैले. टेबलावरसुद्धा होतो.

मी तिथे एकटीच हसत सुटले. अगं इतकी हसले की महादेवराव धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. त्यांना सांगितलं, तुमची बायको बरोबर होती आणि मीही बरोबर होते. वाईट एवढंच वाटलं की या क्षणी तू पाठीत धपका घालायला नव्हतीस. आपण दोघी त्या टेबलाशी बसलो असतो तर आधी एक तास भांडलो असतो, मग एकदम दोघींच्या लक्षात आलं असतं, आणि मग तू शपथेवर सांगितलं असतंस की तुला पहिल्यापासून माहीत होतं.

कागदावर कोणाला काही जोडलेलं नसतं, म्हणून तिथं सगळं जमतं. बरोबर बोललीस, बाई. तू माझ्या कुठल्याच हिशेबाला सुखाने पुरा होऊ दिलं नाहीस. मी काही सिद्ध करून बसले की तू येऊन हात घालायचीस, चव बघायचीस आणि म्हणायचीस, कच्ची हाय. फार राग यायचा. आणि फार आवडायचं, हे कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आणखी शेफारली असतीस. आता सांगते. तुझ्याशी भांडता यावं म्हणून मी नीट अभ्यास करत आले.

महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. "ते राहू द्या. पोपटी कोणाकडं?"

मी पैजेचे शब्द आठवले. तुझ्या टेबलावर, तुझ्या सीआरओवर, करंट वाढवून. त्यात बफरचं नाव नव्हतं. गेन वाढला. म्हटलं, "माझ्याकडे. मी हरले." त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच त्या दिवशी जरा हसले. म्हणाले, तिला हे ऐकायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ऐकत असेल, पण मान्य करणार नाही की मी सहज कबूल झाले.

तर पुढच्या थंडीत पोपटी पेणला. सोसायटीच्या मागे मोकळा प्लॉट आहे, आणि शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती बांधायला आणलेला पेंढा उरतो, तो द्यायला ते तयार आहेत. शेंगा तुझ्या भावाच्या शेतातल्या. मीठ धरमतरचं, त्याने आताच सांगून ठेवलंय. सगळे येणार. मडकं नीट गच्च बंद करीन, बाहेरून पाणी शिंपडीन, चर्र होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं बजावीन. या वेळी आयुष्यात पहिल्यांदा आपली पोपटी एकसारखी शिजण्याची शक्यता आहे.

आणि तशी ती कोणाच्याही घशाखाली उतरणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. म्हणून अर्धा जाळ झाला की काठी मी घेणार आहे. ओरडू देत सगळ्यांना. मडकं कलतं करीन, पाला बाजूला करीन, एक शेंग काढून चावीन आणि तुझ्याच आवाजात सांगीन, अजून कच्ची हाय.